वाजवणाऱ्यांचा इतिहास कसा लिहायचा? क्लेझानी गावचे लाउतारी आणि ‘ताराफ द हायदूक्स’

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न नेहमी येतो. ज्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, अशा लोकांचा इतिहास लिहायचा तर साधनं कुठून आणायची? जमिनीचे कागद, कोर्टाचे निकाल, सरकारी अहवाल यांत अशी माणसं दिसतात, पण दुसऱ्याच्या नजरेतून दिसतात. आणि ती माणसं वाजवणारी असतील, तर त्यांनी जे घडवलं ते हवेतच विरून गेलेलं असतं.

यावर नुसती सैद्धांतिक चर्चा करण्यापेक्षा एक उदाहरण नीट उलगडून बघू. उदाहरण रोमानियातलं आहे. बुखारेस्टच्या नैर्ऋत्येला, साधारण चाळीस किलोमीटरवर, वलाकियाच्या सपाट मैदानात क्लेझानी नावाचं गाव आहे. या गावातल्या रोमा वादकांचा ‘ताराफ द हायदूक्स’ हा संच १९९० नंतर सगळ्या जगात गाजला. यूट्यूबवर त्यांच्या मैफली सहज सापडतात. आधी एखादी ऐका आणि मग पुढे वाचा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

नावापासून सुरुवात

कुठल्याही विषयाला हात घालताना आधी शब्द तपासायचे. संचाच्या नावात दोन शब्द आहेत. ‘ताराफ’ म्हणजे लोकवादकांचा संच. मूळ शब्द अरबी, तुर्कीमार्गे रोमानियनमध्ये गेलेला. अर्थ बाजू, पक्ष. आपण ‘सरकारतर्फे’ म्हणतो किंवा शिवकालीन कागदांत ‘तरफ’ हा मुलखाचा विभाग वाचतो, तो हाच शब्द. ऑटोमन सत्तेची सावली वलाकियावर शतकानुशतकं होती, हे एका शब्दातून कळतं.

‘हायदूक’ म्हणजे रानात राहून जमीनदारांना लुटणारा बंडखोर. जुन्या पोवाड्यांसारख्या कथागीतांचा तो नायक. आता गंमत बघा. हे वादक हायदूक नव्हते, कधीच नव्हते. ते हायदूकांची गाणी गायचे, आणि तीही अनेकदा पैसे देणाऱ्यासमोर बसून. शिवाय जगाला माहीत असलेलं हे नाव फ्रेंच आहे, गावातलं नाही. बाहेरच्या श्रोत्यांसाठी संच बांधला गेला तेव्हा ते आलं. म्हणजे नावातच दोन इतिहास आहेत, एक गाण्यांचा आणि दुसरा गाणी विकण्याचा.

तिसरा शब्द ‘जिप्सी’. हे लोक इजिप्तहून आले असं युरोपात समजलं गेलं, त्यातून हा शब्द आला. रोमानियन भाषेत ‘त्सिगान’ म्हणतात आणि त्या शब्दाला शिवीची धार आहे. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने ‘रोमा’ हे नाव पुढे केलं. मी या लेखात ‘रोमा’च वापरतो. पण जुन्या कागदांत आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर ‘त्सिगान’ किंवा ‘जिप्सी’ असेल, तर तिथे तो शब्द गुपचूप बदलायचा नाही. कोण कोणाला काय म्हणत होतं, हाही पुरावाच असतो.

गुलाम आणि वाजवणारे

रोमानियाच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. वलाकिया आणि मोल्दाविया या दोन संस्थानांत रोमा लोक जवळजवळ पाच शतकं गुलाम होते. वलाकियातला सर्वांत जुना उल्लेख १३८५ सालचा आहे, रोमांची चाळीस कुटुंबं एका मठाच्या मालकीची असल्याची नोंद. मालकांचे तीन प्रकार होते: राजा, मठ आणि ‘बोयार’ म्हणजे जमीनदार सरदार. वलाकियात सरकारी गुलाम १८४३ मध्ये सुटले, मठांचे १८४७ मध्ये आणि खासगी मालकांचे १८५६ मध्ये. नुकसानभरपाई ठरली ती मालकांसाठी. सुटलेल्यांच्या हातात काही पडलं नाही.

या गुलामांत लोहार होते, स्वयंपाकी होते, तसे ‘लाउतारी’ही होते. ‘लाउता’ हे ल्यूट जातीचं तंतुवाद्य, त्यावरून लाउतार हा शब्द. पुढे हातात व्हायोलिन आलं, पण नाव तेच राहिलं. बोयाराच्या वाड्यात पाहुणे आले की हे वाजवणार. गुलामगिरी संपल्यावर हाच हुन्नर पोटापाण्याचा धंदा झाला आणि बापाकडून मुलाकडे जात राहिला.

इथे संशोधनाचा पहिला धडा. ‘जिप्सींच्या रक्तातच संगीत असतं’ हे वाक्य तुम्हाला शेकडो ठिकाणी वाचायला मिळेल. वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ते इतिहास पुसून टाकतं. रक्तात असेल तर रियाझ कशाला, मालक कशाला, धंदा कशाला? लाउताराचं कौशल्य ही पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी आहे. रोमानियनमध्ये एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की हुन्नर चोरावा लागतो. पोरगं मोठ्यांच्या शेजारी बसायचं, बोटं बघायचं, कानांनी उचलायचं. कागदावर स्वरलिपी नसायची. अशा शिक्षणाला ‘निसर्गदत्त’ म्हणणं म्हणजे शिकणाऱ्याचे कष्ट आणि शिकवणाऱ्याचं श्रेय दोन्ही नाकारणं.

लग्नातली नोकरी

ताराफचं खरं कामाचं ठिकाण म्हणजे लग्न. व्हायोलिनं, गळ्यात अडकवायचा छोटा ‘त्सांबाल’ (आपल्या संतूरसारखं, काड्यांनी वाजवायचं वाद्य), अकॉर्डियन, डबल बास, कधी बासरी. लग्न एका दिवसात आटपत नसे. मिरवणुकीला वेगळं वाजवायचं, नाचाला ‘होरा’ आणि ‘सुर्बा’, आणि लोक जेवायला बसले की लांबलचक कथागीत. कथागीताआधी व्हायोलिनवर एक मोकळी, तालाविना सुरावट वाजते, तिला ‘ताक्सीम’ म्हणतात. हा शब्दही तुर्की संगीतातूनच आलेला. आपल्याकडच्या आलापीची सवय असलेल्या कानाला ती जागा लगेच ओळखू येते.

लाउताराला एकच गोष्ट जपायची असते, ती म्हणजे समोरच्याची मर्जी. कोणी गाणं मागतो, पैसे देतो, गाणं वाजतं. तमाशातल्या दौलतजाद्याची पद्धत माहीत असणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्यामुळे लाउताराचं भांडार अफाट असावं लागतं. रोमानियन शेतकऱ्याला त्याची गाणी हवीत, शहरी पाहुण्याला त्याची, आणि नव्या पोरांना रेडिओवरची. ‘शुद्ध परंपरा’ शोधायला निघालेल्या अभ्यासकाला हे अडचणीचं वाटतं. पण परंपरा असेल तर ती यातच आहे, कोणाचंही गाणं घेऊन ते आपल्या हातचं करून परत देण्यात.

क्लेझानीतली बहुतेक गाणी रोमानियन भाषेत आहेत. म्हणजे ज्यांना गावकऱ्यांनी स्वतःपासून वेगळं ठेवलं, त्यांनीच गावकऱ्यांची गाणी सांभाळली. वाजवणारा मांडवात हवा, पण पंगतीत नको, हे नातं मराठी वाचकाला नवं नाही. तुलना मात्र इथेच थांबवू. तिथली गुलामगिरी आणि आपली जातव्यवस्था या दोन वेगळ्या रचना आहेत. साम्य दिसलं म्हणून दोन्ही एकाच पिशवीत टाकल्या, तर प्रबंधाच्या पहिल्याच वाचनात गाईड लाल रेघ ओढतील, आणि बरोबरच ओढतील.

सरकारी लोकसंगीत आणि एक रेकॉर्ड

विसावं शतक रोमांसाठी सुखाचं नव्हतं. १९४२ मध्ये अँतोनेस्कूच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना त्रान्सनिस्त्रियात हद्दपार केलं. भूक, थंडी आणि रोगराईने त्यांतले हजारो मेले. त्यानंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने लोकसंगीताला मंच दिला, पण तो ‘रोमानियन राष्ट्राचं लोकसंगीत’ म्हणून. चाउशेस्कूच्या काळात, १९७६ पासून, देशभर मोठे सरकारी कला महोत्सव भरत. गणवेशासारखे पोशाख, मोठे वाद्यवृंद, घोटून बसवलेले कार्यक्रम. रोमांना वेगळा राष्ट्रीय समाज म्हणून मान्यताच नव्हती. वादक रोमा असला तरी चालायचा, पण संगीत रोमांचं म्हणायचं नाही.

या पार्श्वभूमीवर स्पेरान्त्सा रादुलेस्कू या रोमानियन संगीत-अभ्यासक बाईंचं काम बघा. मंचावरच्या घोटीव लोकसंगीतापेक्षा गावात प्रत्यक्ष वाजतं ते ध्वनिमुद्रित करावं, हा त्यांचा आग्रह. स्विस अभ्यासक लोराँ ओबेर यांच्यासह त्यांनी केलेल्या कामातून १९८८ मध्ये ‘ओकोरा’ या फ्रेंच मालिकेत क्लेझानीच्या लाउतारींची रेकॉर्ड निघाली. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळली. त्या सुमारास स्तेफान कारो आणि मिशेल विंटर हे दोन बेल्जियन या वादकांच्या मागे लागले, डझनभर माणसांचा संच उभा केला आणि दौरे सुरू झाले. पहिला आल्बम १९९१ मध्ये ब्रसेल्सच्या ‘क्रॅम्ड डिस्क्स’ने काढला.

जाहिरातींत ही गोष्ट ‘शोध लागला’ अशी सांगतात. संशोधकाने विचारायचं, कोणाला शोध लागला? आसपासच्या गावांना हे लोक पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, लग्नाची बोलावणी त्यांनाच जात. बुखारेस्टमधल्या अभ्यासकांना माहीत होते. ‘शोध’ हा शब्द जिथे दिसेल तिथे त्यामागची साखळी लिहून काढा: आधी यजमान, मग अभ्यासक, मग निर्माता, मग श्रोता. प्रत्येक कडीवर संगीतात काय बदललं हे विचारलं, तर निम्मा प्रबंध तिथेच उभा राहतो.

घोड्याचा केस

या संचातले सगळ्यांत लक्षात राहणारे वादक म्हणजे निकोलाए नेआक्शू. जन्म १९२४, मृत्यू २००२. साठी ओलांडल्यावर त्यांना जगाने पाहिलं. त्यांचं एक कथागीत चाउशेस्कूच्या पतनावर आहे, पहिल्या आल्बममध्ये ते ऐकायला मिळतं. त्यात ते व्हायोलिनच्या तारेला गजाचा एक केस, म्हणजे घोड्याचा केस, बांधतात आणि तो बोटांच्या चिमटीतून ओढत जातात. तार घोगऱ्या, खरवडल्यासारख्या आवाजात बोलू लागते.

आता हे गीत इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं? त्यात १९८९च्या घटनांचा तपशील शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही, तो वर्तमानपत्रांत जास्त आहे. पण साचा बघा. हायदूक, अन्यायी सरदार, लोकांचा उठाव, हा कथागीताचा जुना साचा आहे. नेआक्शूंनी त्या साच्यात कालपरवाची घटना बसवली. हुकूमशहा जुन्या बोयाराच्या जागी जाऊन बसला. म्हणजे हे गीत क्रांतीबद्दल जितकं सांगतं, त्यापेक्षा जास्त लोकांनी क्रांती कशी समजून घेतली याबद्दल सांगतं. मौखिक साधनाची ताकद इथे असते.

भारताची वाट: किती पक्की, किती कच्ची?

नेआक्शू आणि त्यांचे साथीदार टोनी गॅटलिफ यांच्या ‘लाचो द्रोम’ (१९९३) या चित्रपटात दिसतात. शीर्षकाचा अर्थ ‘शुभ प्रवास’. संवाद जवळजवळ नाहीत, फक्त संगीत. सुरुवात राजस्थानात, मग इजिप्त, तुर्कस्तान, रोमानिया असं करत शेवट स्पेनमध्ये. चित्रपट सुंदर आहे. पण तो पाहून आपल्याकडचा प्रत्येकजण म्हणतो, ‘म्हणजे हे आपलंच संगीत!’ इथे थोडं थांबायला हवं.

भाषेचा पुरावा पक्का आहे. रोमानी ही इंडो-आर्य भाषा आहे, हे रूडिगर आणि ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी १७८२-८३ मध्येच मांडलं. आकडे ऐका: येक, दुय, त्रिन, श्तार, पांझ, शोव आणि दहाला देश. कानाला कान, नाकाला नाक, पाण्याला पानी, माणसाला मानुश. पण सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीक आहेत. म्हणजे बायझंटाइन मुलखात हे लोक दीर्घकाळ राहिले असणार. फारसी आणि आर्मेनियन शब्दही वाटेचा नकाशा दाखवतात.

मराठी वाचकासाठी आणखी एक गंमत. रोमानीत दोनच लिंगं आहेत, हिंदीसारखी. संस्कृत-प्राकृतातलं नपुंसकलिंग आपण मराठीत, गुजराती-कोकणीत टिकवलं. रोमानीने ते गमावलं. आणि ज्या शब्दांनी लिंग बदललं, त्यांनी ते हिंदीच्याच बाजूने बदललं. त्यामुळे हा बदल होईपर्यंत रोमानीचे पूर्वज भारतातच असावेत, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये तिचं मूळ मध्य भारतीय भाषागटात दाखवलं, आणि ती नंतर वायव्येकडे सरकली असं मांडलं. एका व्याकरणाच्या तपशिलातून स्थलांतराचा काळ बांधता येतो, ही संशोधनातली केवढी मौजेची जागा आहे!

पण हे सगळं भाषेबद्दल झालं. संगीताला हाच न्याय लावता येत नाही. क्लेझानीची वाद्यं युरोपीय आणि ऑटोमन जगातली, सुरावटींवर तुर्की ठसा, गाण्यांची भाषा रोमानियन. राजस्थानी लोकगायकांशी थेट सांगीतिक धागा दाखवणारा पुरावा नाही. भाषा आलेली वाट संगीतही आलं असं गृहीत धरणं ही उडी आहे, पायरी नाही. आपल्याला अभिमान वाटतो म्हणून पुरावा वाढत नाही.

कोणाचं संगीत?

हा वाद जुना आहे. १८५९ मध्ये फ्रान्झ लिस्टने हंगेरीतल्या रोमा संगीतावर पुस्तक लिहिलं आणि ते संगीत मुळात त्यांचंच आहे असं मांडलं. बार्टोकने १९३१ मध्ये उलट मांडलं: ज्याला जिप्सी संगीत म्हणतात ते हंगेरियनच आहे, रोमा फक्त वाजवतात. एकाने सगळं त्यांना दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. दोघांनीही ‘वाजवणं’ हीच निर्मिती असू शकते, हा विचार बाजूला ठेवला.

२००७ मध्ये ताराफने ‘माश्कारादा’ नावाचा आल्बम काढला. त्यात बार्टोक, खाचातुरियान, आल्बेनिझ अशांच्या रचना त्यांनी वाजवल्या. ज्या संगीतकारांनी लोकवादकांकडून उचललं किंवा दुरून ‘जिप्सी’ रंग कल्पिला, त्यांच्या रचना स्वरलिपी न वाचणाऱ्या परंपरेतल्या लाउतारींनी परत उचलल्या. मला तो आल्बम लिस्ट-बार्टोक वादातला तिसरा पक्ष वाटतो. लेखी निबंध नाही, पण उत्तर आहे. शंभर वर्षं ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, ते पहिल्यांदाच त्या चर्चेत वाजवून बोलले.

तरी एक काटा राहतोच. संचाने २००० साली ‘क्रोनोस क्वार्टेट’बरोबर ध्वनिमुद्रण केलं, हॉलीवूडच्या नटांबरोबर चित्रपटात दिसले, २००२ मध्ये बीबीसीचा जागतिक संगीत पुरस्कार मिळवला. पण स्वतःच्या राजधानीतल्या पहिल्या मोठ्या मैफली डिसेंबर २००० मध्ये झाल्या, पश्चिम युरोपातल्या दहा वर्षांच्या दौऱ्यांनंतर. ‘बँड ऑफ जिप्सीज’ हा आल्बम त्याच मैफलींचा. चाळीस किलोमीटरचं अंतर कापायला पॅरिस-लंडनची वाट घ्यावी लागली. यातून रोमानियाबद्दल जे कळतं, ते कुठल्याही जनगणनेच्या तक्त्यातून कळणार नाही.

मैफल साधन म्हणून कशी वाचावी?

शेवटी कामाचं सांगतो. एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण हातात आलं, की मी चार गोष्टी वेगवेगळ्या वहीत उतरवतो. एक, पैसे कोणी दिले? लग्नाचा यजमान, सरकार की तिकीट काढणारा. दोन, गाणं कोणी निवडलं? फर्माईश होती की आधीच ठरलेली यादी. तीन, काय गळलं? लग्नात नाच असतो, जेवण असतं, तासभर चालणारं कथागीत असतं. खुर्चीवर बसलेल्या, भाषा न कळणाऱ्या श्रोत्यासमोर कथागीत आखडतं आणि द्रुत नाचाच्या चाली वाढतात. चार, काय वाढलं? टाळ्या वेगाला पडतात, म्हणून वेग वाढतो. मग समीक्षक त्या वेगालाच ‘जिप्सींचा मूळ स्वभाव’ म्हणतो. खरं तर तो काही अंशी श्रोत्याचाच प्रतिध्वनी असतो.

याचा अर्थ स्टेजवरचं संगीत खोटं आणि लग्नातलं खरं, असा बिलकूल नाही. लाउताराने कायम समोरच्याला ओळखून वाजवलं. आधी बोयार ओळखला, मग शेतकरी, मग सरकारी अधिकारी, मग ब्रसेल्सचा श्रोता. बदलत्या मालकांमध्ये टिकून राहणं हाच त्याच्या कौशल्याचा गाभा आहे. त्यामुळे मैफल ऐकताना दोन आवाज ऐकायचे. एक वाजवणाऱ्याचा आणि दुसरा ज्याच्यासाठी वाजतंय त्याचा.

आज क्लेझानीच्या आसपासच्या लग्नांत कीबोर्ड, लाउडस्पीकर आणि ‘मानेले’ नावाचं पॉप संगीत जोरात आहे. जुनी कथागीतं मागणारा यजमान दुर्मीळ झाला आहे, आणि ती गाणारे म्हातारे एकेक करून गेले. यावर हळहळणं सोपं आहे. संशोधकाचं काम त्यापुढचं आहे: मागणी कधी थांबली, कोणी थांबवली, तिची जागा कशाने घेतली, हे विचारणं. हे प्रश्न तुमच्या तालुक्यातल्या वाजंत्र्यांनाही विचारता येतील. फक्त टेपरेकॉर्डर चालू करण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आणि पहिला प्रश्न ‘तुमची परंपरा काय?’ असा विचारू नका. ‘गेल्या हंगामात किती लग्नं वाजवलीत आणि लोकांनी काय मागितलं?’ इथून सुरुवात करा. बाकीचं ते स्वतःच सांगतील.